सेकंदाचा भाव : लघु कृषी-उद्योगासाठी फायबर जोडणीची निवड

बंगळुरूच्या उत्तरेला हेब्बाळ येथे फुलांचा जो लिलाव चालतो, त्यात बोली चढत नाही, उतरते. ‘इंटरनॅशनल फ्लॉवर ऑक्शन बंगलोर’ या केंद्राने डच पद्धत स्वीकारलेली आहे. घड्याळावरील भाव वरच्या आकड्यापासून निघतो आणि झपाट्याने खाली येत जातो. जो खरेदीदार सर्वांत आधी कळ दाबतो, त्याच्या नावावर त्या क्षणी दिसणाऱ्या भावाने माल लागतो. घाई केली तर दर जास्त पडतो. क्षणभर रेंगाळले तर गुलाबाची ती खेप दुसऱ्याची होते. ही पद्धत नेदरलँड्समधील. तेथे ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी १८८७ साली होड्यांतून आलेल्या भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला आणि पुढे हीच रीत फुलांच्या बाजारात रुजली. आज रॉयल फ्लोराहॉलंड या डच सहकारी संस्थेच्या घड्याळावर बोली लावणारे बहुसंख्य खरेदीदार लिलावगृहात नसतातच. ते आपापल्या कार्यालयात संगणकासमोर बसलेले असतात.

लिलावगृहाच्या सज्जात बसलेल्या खरेदीदाराला इंटरनेटची फिकीर नसते. दुरून बोली लावणाऱ्याची मात्र सज्जातील जागा म्हणजे त्याची इंटरनेट जोडणीच होय. ती डळमळीत असेल तर तो बाजारात असूनही नसल्यासारखा होतो.

भारतातील शेतमालाचा बाजारही त्याच दिशेने सरकत आहे, आणि त्यात कर्नाटकाचे पाऊल लवकर पडले. २०१४ साली कर्नाटक शासन आणि एनसीडीईएक्स स्पॉट एक्स्चेंज यांच्या भागीदारीतून ‘राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस’ ही कंपनी उभी राहिली आणि राज्यातील बाजार समित्या एका सामाईक संगणकीय व्यासपीठावर येऊ लागल्या. त्यानंतर १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाची ई-नाम योजना ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली. व्यापाऱ्याने आपल्या दुकानातून दर भरावा, निकाल पडद्यावर पाहावा, पैसे खात्यातून वळते करावेत, हा या व्यवस्थांचा गाभा आहे. हेसरघट्टा येथे १९६७ साली स्थापन झालेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही आपल्या वाणांच्या बियाण्यांची विक्री ऑनलाइन केली आहे. अशा संस्थांचे तंत्रज्ञान परवान्यावर घेऊन जैविक निविष्ठा बनविणारे छोटे उद्योजक, कलमे-रोपे विकणाऱ्या रोपवाटिका, फुलांचे घाऊक व्यापारी, शेतकरी उत्पादक कंपन्या अशा साऱ्यांच्या टेबलावर आज एक प्रश्न असतो : फायबर जोडणी कोणाची घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा पाहून दिले जाते. १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस, १ जीबीपीएस; त्यापुढे बारीक अक्षरांत ‘पर्यंत’. नाशवंत मालाच्या व्यवसायाला हा आकडा फारसा उपयोगी नाही. दर भरण्याला, पावती काढण्याला किंवा पैसे आल्याची खात्री करण्याला लागणारी माहिती अगदी थोडी असते. मात्र ती पहाटेच्या त्याच पाऊण तासात, न अडखळता जावी लागते. बंगळुरूसारख्या शहरात, जेथे एकाच गल्लीत चार-पाच कंपन्यांची केबल लोंबत असते, वेग सर्वांकडेच पुरेसा आहे. फरक पडतो तो इतर गोष्टींत.

काच कोठे संपते?

पहिली गोष्ट म्हणजे ‘फायबर’ या शब्दाचा अर्थ. काही जोडण्यांत काचेचा तंतू थेट ग्राहकाच्या टेबलापर्यंत येतो. काहींत तो इमारतीच्या जिन्याखालील किंवा रस्त्यावरील पेटीपर्यंतच येतो आणि तेथून पुढे तांब्याची केबल आत येते. विक्री करताना दोघांनाही फायबरच म्हणतात. वेगाची चाचणी घेतली तर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो वीज गेल्यावर.

तंतू थेट आत येणाऱ्या जाळ्याची सर्वांत प्रचलित पद्धत ‘जीपॉन’ ही आहे. त्यात कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या वाटेवर विजेवर चालणारे एकही उपकरण नसते. प्रकाशाची एक धार निघते आणि वाटेत साध्या काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ धारांत वाटली जाते. कालव्याचे पाणी वितरिकेतून पाटचाऱ्यांत जावे, तसेच हे. त्यामुळे कंपनीच्या केंद्रात वीज आहे आणि ग्राहकाकडील छोटे यंत्र (ओएनटी) व राउटर यांना इन्व्हर्टर किंवा लहान यूपीएसचा आधार आहे, एवढे असले की मधल्या साऱ्या परिसरात अंधार असला तरी जोडणी चालू राहते. दुसऱ्या प्रकारात जिन्याखालच्या पेटीतील स्विचला वीज लागते. ती पेटी इमारतीच्या सामाईक मीटरवर असते; तिची बॅटरी कोणी पाहत नाही. अशा ठिकाणी दुकानात इन्व्हर्टर सुरू आहे, राउटरचे दिवे लागलेले आहेत आणि इंटरनेट मात्र नाही, असा अनुभव येतो. ग्राहक कंपनीला दोष देतो, कंपनी विजेला.

बंगळुरूत हा मुद्दा एप्रिल-मे महिन्यांत अधिक जाणवतो. वळवाच्या सरी, ज्यांना तिकडे आंब्याच्या सरी म्हणतात, त्या वारा आणि विजांसह येतात. तांब्याच्या लांब केबलमधून विजेचा धक्का राउटरपर्यंत पोहोचू शकतो आणि राउटरमागे जोडलेले बिलाचे यंत्र, कॅमेऱ्यांची नोंदपेटी हेही जळू शकते. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. केबलला आधारासाठी पोलादी तार असली तरी ती यंत्राला जोडलेली नसते. तेव्हा जोडणी घेण्यापूर्वी विक्रेत्याला वेगाऐवजी हे विचारावे : आत येणारी तार काचेची की तांब्याची? तांब्याची असेल तर पेटी कोठे आहे आणि तिला बॅटरी किती वेळची?

आत आलेल्या काचेचीही निगा लागते. तंतू काटकोनात वाकवला तर प्रकाश बाहेर सांडतो. म्हणून तो खिळ्यांनी भिंतीला आवळू नये. गोदामात उंदीर केबल कुरतडतात, हे धान्य आणि बियाणे साठवणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. तेथे ती प्लास्टिकच्या नळीतूनच न्यावी. फुलांच्या प्रतवारीच्या खोलीत हवा दमट असते, खतांच्या खोलीत बारीक धूळ असते. अशा जागी यंत्र ठेवण्याऐवजी ते कार्यालयात ठेवून तेथून पुढे केबल न्यावी. जोडाच्या टोकावर बसलेला धुळीचा कणही प्रकाश अडवतो.

वर जाणारे पाणी

जाहिरातीतील आकडा बहुधा डाउनलोडचा, म्हणजे ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीचा असतो. घरी चित्रपट पाहणाऱ्याला तोच महत्त्वाचा. कृषी-व्यवसायाची गरज पुष्कळदा उलटी असते; त्याला माहिती पाठवायची असते.

यशवंतपूरच्या बाजार आवाराचे उदाहरण घेता येईल. तेथे महाराष्ट्रातूनही कांदा येतो. सोलापूर, अहिल्यानगरकडील शेतकऱ्यांना हा बाजार नवा नाही. माल गाडीत भरून पाठवल्यावर शेतकरी गावात बसून वाट पाहतो ती अडत्याकडून येणाऱ्या छायाचित्राची, चित्रफितीची आणि पट्टीची. वक्कल उतरताना ओला निघाला, प्रतवारीत घसरला, वजनात घट आली, हे सारे आता मोबाइलवर दाखवून सांगितले जाते. दाखवले तर विश्वास राहतो. न दाखवता नुसता कमी भाव कळवला तर पुढची गाडी दुसऱ्या गाळ्यावर जाते. यातील प्रत्येक गोष्ट अडत्याच्या गाळ्यातून ‘वर’ जाते.

हिशेब सोपा आहे, फक्त त्यात एक सापळा आहे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दिसतो, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. एखाद्या रोपवाटिकेने आपल्या रोपांची ४ मेगाबाइटची २०० छायाचित्रे विक्रीच्या संकेतस्थळावर चढवायची ठरवली, तर एकूण ८०० मेगाबाइट, म्हणजे ६,४०० मेगाबिट झाले. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर याला सुमारे ११ मिनिटे लागतील. १०० एमबीपीएस असेल तर एक मिनिटाच्या जरा वर. त्याच वेळी गोदामातील ४ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने चित्रण बाहेर पाठवत असतील तर १० पैकी ८ एमबीपीएस त्यांनीच खाल्लेले असतात. उरलेल्या दोनात लिलावाचा पडदा, बिले आणि फोनवरील चित्रसंवाद हे सगळे बसवायचे. डाउनलोडचा आकडा ३०० असला तरी या कोंडीत त्याचा उपयोग शून्य.

जीपॉन जाळ्यात खाली येणारी एकूण क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी सुमारे १.२५ जीबीपीएस असते. एका विभाजकावर ३२ ग्राहक असतील आणि सर्वांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला खाली येणारे सुमारे ७८ आणि वर जाणारे सुमारे ३९ एमबीपीएस येतात. सर्वजण एकाच वेळी पूर्ण वापर करत नाहीत, म्हणूनच ही व्यवस्था परवडते. वर जाण्यासाठी तर प्रत्येक ग्राहकाच्या यंत्राला क्षणाच्या अंशाची पाळी ठरवून दिलेली असते, अगदी पाणीवाटपातील पाळीसारखी. ज्यांना दुसऱ्याच्या पाळीशी काहीच देणेघेणे नको, त्यांच्यासाठी स्वतंत्र लीज्ड लाइन असते. तिचे भाडे अनेक पटींनी अधिक असते आणि लहान व्यवसायाला ती क्वचितच लागते. डाउनलोड आणि अपलोड समसमान देणारी व्यावसायिक योजना बहुतेकांना पुरेशी होते.

लिलावात बोली लावणाऱ्याने आणखी एक आकडा पाहावा : संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बंगळुरूहून १,००० किलोमीटरवरील संगणकाशी संवाद साधण्यास केवळ अंतरापोटी एक सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. वाटेतील यंत्रांचा वेळ धरला तरी तो थोडाच वाढतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहावरून हाच संवाद केला तर संदेशाला चार वेळा ते अंतर कापावे लागते आणि अर्धा सेकंद जातो. उतरत्या घड्याळाच्या लिलावात अर्धा सेकंद म्हणजे हातची खेप. अर्थात हा वेळ फायबरवर वाचवून दुकानातील वाय-फायवर उधळण्याची सोय प्रत्येकाकडे असते. लोखंडी शटर, ओल्या फुलांच्या बादल्या आणि शेजारच्या दहा गाळ्यांचे राउटर यांतून वाट काढताना वाय-फाय अडखळतो. बोली लावण्याचा संगणक राउटरला केबलनेच जोडावा. खर्च काहीशे रुपयांचा आहे.

खांब, झाडे आणि जेसीबी

बंगळुरूतील फायबर फार मोठ्या प्रमाणावर हवेत आहे. विजेच्या खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीच्या कठड्यावर, तेथून पुढच्या खांबावर, असा त्याचा प्रवास असतो. फांदी पडली की तार तुटते. उंच भरलेला ट्रक गल्लीत शिरला की तुटते. २०२४ साली शहराला वीजपुरवठा करणाऱ्या बेस्कॉमने आपल्या खांबांवरील अनधिकृत फायबर आणि दूरचित्रवाणीच्या केबल काढण्याची मोहीम घेतली. पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या दृष्टीने ती आवश्यकच होती. ज्या व्यावसायिकाची जोडणी अशा केबलवर होती, त्याला मात्र आपण अनधिकृत तारेवर व्यवसाय करत होतो हे त्या दिवशीच कळले असणार.

जमिनीखालून गेलेली केबल या त्रासांतून सुटते, पण तिचा शत्रू जेसीबी. शासनाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटतो आणि त्यापोटी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. खोदकाम करणाऱ्याने आधी कळवावे आणि त्या जागी कोणाच्या वाहिन्या आहेत ते जाणून घ्यावे, यासाठी २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू झाले. शेतात विहीर, शेततळे किंवा पाइपलाइनसाठी रस्त्याकडेला खोदताना शेतकऱ्यांनीही ते वापरावे. गावाची जोडणी तोडणारा जेसीबी पुष्कळदा गावातलाच असतो.

तेव्हा तार तुटणार हे धरूनच चालावे. महत्त्वाचे ते किती वेळात जोडली जाते. कंपन्या आपल्या सेवेची उपलब्धता टक्क्यांत सांगतात. ९९.५ टक्के ऐकायला भक्कम वाटते. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, म्हणजे ३ तास ३६ मिनिटे सेवा बंद राहिली तरी शब्द पाळला गेला. ९९ टक्के म्हटले की ७ तास १२ मिनिटे. हे तास रात्री दोन ते पाच गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी किंवा आयुधपूजेच्या सकाळी, के. आर. मार्केटमध्ये फुलांचे भाव तासातासाला बदलत असताना गेले, तर वर्षभराच्या भाड्यापेक्षा अधिक रक्कम एका सकाळीत जाते. टक्केवारीत सकाळ दिसत नाही.

दुरुस्तीचा वेग जाणण्याचा खात्रीचा मार्ग कंपनीच्या पत्रकात नाही, शेजाऱ्याकडे आहे. त्याच रस्त्यावरील औषधाचे दुकान, झेरॉक्सचे दुकान, पतसंस्थेची शाखा अशा तीन-चार ठिकाणी विचारावे : शेवटची तार तुटली ती कधी, आणि माणूस किती वेळात आला? बंगळुरूत मुख्यालय असलेली एसीटी, तसेच एअरटेल, जिओ, बीएसएनएल आणि गल्लीगल्लीतील स्थानिक केबलचालक यांची सेवा एका भागात उत्तम आणि दोन किलोमीटरवर सुमार, असे सर्रास असते; कारण प्रत्यक्ष दुरुस्ती त्या भागातील चार माणसांच्या तुकडीवर अवलंबून असते. मोठ्या नावापेक्षा शिडी घेऊन येणारा माणूस कोठे राहतो हे कळले तर अधिक उपयोगी.

दुसरी वाट

ज्याचा व्यवसाय वेळेवर चालतो, त्याने दुसरी जोडणी घ्यावी. येथेच सर्वांत महाग चूक होते. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन फायबर घेतली की निर्धास्त, असे समजले जाते. आणि दोन्ही तारा एकाच खांबावरून, एकाच झाडाच्या फांदीखालून आत आलेल्या असतात. फांदी पडते तेव्हा ती कंपनीचे नाव वाचत नाही.

कृषिक्षेत्राला हा धोका जुना परिचित आहे. १९७० साली अमेरिकेत मक्याच्या पानांवरील करप्याने देशाचे सुमारे १५ टक्के पीक नेले. शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या नावांचे संकरित बियाणे पेरले होते. परंतु त्यांतील बहुतेक वाणांत संकरासाठी वापरलेले नरवंध्यत्व एकाच ‘टेक्सास’ पेशीद्रव्यातून आलेले होते आणि बुरशीच्या नव्या प्रजातीने नेमके तेच गाठले. पिशव्यांवरची विविधता शेतात नव्हती. दोन जोडण्यांच्या बाबतीतही पिशवीवरचे नाव न पाहता आत काय आहे ते पाहावे. तार कोणत्या बाजूने येते? स्थानिक केबलचालक स्वतःचे जाळे वापरतो की मोठ्या कंपनीकडून घाऊक क्षमता घेऊन तीच पुढे विकतो? दुसऱ्या प्रकारात दोन पावत्या मिळतात आणि वाट एकच राहते.

म्हणून पहिली वाट काचेची असेल तर दुसरी हवेतून असावी. ५जी लहरींवर चालणारी स्थिर जोडणी आता उपलब्ध आहे. जिओने आपली एअरफायबर सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी बंगळुरू, पुणे, मुंबईसह ८ महानगरांत सुरू केली. लहान व्यापाऱ्याला तर सिमकार्ड घालता येणारा राउटरही पुरतो. दोन जोडण्या स्वीकारणारा आणि एक तुटताच आपोआप दुसरीवर जाणारा राउटर घेतल्यास कोणाला धावपळ करावी लागत नाही. मात्र वाट बदलताच बाहेरच्या संगणकाला आपला पत्ता बदललेला दिसतो. बँकेचे किंवा लिलावाचे संकेतस्थळ अशा वेळी बाहेर काढून पुन्हा प्रवेश मागू शकते. दुकानातील माणसाने हा प्रसंग एकदा मुद्दाम, निवांत दुपारी, तार काढून अनुभवलेला असावा. पैसे आल्याचे बोलून दाखविणाऱ्या यूपीआयच्या डब्यात स्वतःचे सिम असते. ते शक्यतो राउटरमधील सिमहून वेगळ्या कंपनीचे ठेवावे.

दोन्ही वाटा बंद पडल्या तरी काही गोष्टी थांबता कामा नयेत. दोड्डबळ्ळापूर किंवा होसूरकडील हरितगृहांत ठिबक आणि विद्राव्य खतांचे नियंत्रक मोबाइलवरून चालविण्याची सोय आता सर्रास मिळते. असा नियंत्रक विकत घेताना इंटरनेट काढून टाकण्यास सांगावे आणि तो ठरलेल्या वेळी झडप उघडतो व बंद करतो का, हे समोर पाहावे. वेळापत्रक जागेवरच्या यंत्रात साठवलेले असेल तर काही बिघडत नाही. ते दूरच्या संगणकावर असेल तर तुटलेल्या तारेची किंमत जरबेराची मुळे मोजतील. शीतगृहाच्या तापमानाचा इशाराही केवळ अ‍ॅपवर विसंबून नसावा. जागेवर वाजणारा भोंगा हवाच.

याच संदर्भात स्थिर पत्त्याचा, म्हणजे स्टॅटिक आयपीचा प्रश्न येतो. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून थेट आपल्या गोदामाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीच्या सेवेमार्फत पाहायचे असेल तर याने अडत नाही. स्वतःचा संगणक बाहेरून उघडायचा असेल तर थोडे अधिक भाडे देऊन स्थिर पत्ता घ्यावा लागतो. तो घेतल्यावर यंत्राचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे व राउटर ताब्यात घेऊन त्यांच्या बळावर मोठी संकेतस्थळे ठप्प केली होती. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

पावती आणि तक्रार

घरगुती योजना स्वस्त असते म्हणून ती दुकानात घेण्याचा मोह होतो. व्यावसायिक योजनेत दुरुस्तीची मुदत लेखी मिळू शकते आणि पावती व्यवसायाच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह येते. इंटरनेटच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत उद्योगाला त्याचे क्रेडिट घेता येते. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला ते मिळत नाही, तेव्हा त्याने दोन योजनांची तुलना कर धरूनच करावी. ज्यांचा करपात्र माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा जातो, त्यांना ई-वे बिलासाठी, आणि ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइससाठी इंटरनेट लागतेच. गाडी भरून उभी आहे आणि बिल निघत नाही, ही स्थिती दुसऱ्या वाटेचे भाडे वसूल करून देते.

करारात ‘ब्रॉडबँड’ हा शब्द वाचून समाधान मानू नये. २०२३ पासून शासनाच्या व्याख्येत किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग असला की ती जोडणी ब्रॉडबँड ठरते. ठरावीक वापरानंतर वेग किती खाली येतो, अपलोड किती, स्थापनेचे पैसे परत मिळतात का, जागा बदलल्यास जोडणी हलवता येते का, हे लिहून घ्यावे. सहा किंवा बारा महिन्यांचे भाडे आगाऊ भरल्यास सवलत मिळते, पण पहिल्या खेपेस एकाच महिन्याचे भरावे.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम केले असून ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. तरीही ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. तक्रार प्रथम कंपनीकडे करून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. क्रमांक नसेल तर पुढची पायरीच नाही, म्हणून ओळखीच्या तंत्रज्ञाला फोन केला तरी नोंदही करावी. भाड्यात सूट मिळाली तरी ती बंद पडलेल्या दिवसांपुरती, काहीशे रुपयांची असते. कोमेजलेल्या फुलांचा त्यात हिशेब नसतो.

शहराची हद्द ओलांडली की निवडीचा प्रश्न निराळा होतो. हेसरघट्ट्याच्या पलीकडे पाच कंपन्या नसतात. असली तर बीएसएनएल, एखादा केबलचालक आणि मोबाइलचा मनोरा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तारांची रचना वर्तुळाकार करण्यावर भर आहे, म्हणजे एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने माहिती जावी. शासनाने देशपातळीवर जो विचार केला, तोच रोपवाटिकेच्या मालकाने आपल्या पातळीवर करायचा आहे. महाराष्ट्रातील शेतकरी उत्पादक कंपनीनेही संकलन केंद्राची जागा ठरवताना रस्ता, पाणी, वीज यांच्याबरोबर ग्रामपंचायतीतील फायबरचे अंतर मोजावे; जवळ असेल तर तेथून जोडणी मागता येते.

जोडणी लागल्यानंतर पहिला आठवडा नोंदीचा असावा. पावसाची नोंद ठेवतो तशीच वही करावी : पहाटे ५ वाजता, दुपारी आणि रात्री ९ वाजता, केबलने जोडलेल्या संगणकावर अपलोड, डाउनलोड आणि प्रतिसादाचा वेळ. रात्री ९ वाजता आकडे घसरले तर फारसे बिघडत नाही. त्या वेळी शहर चित्रपट पाहत असते. पहाटे ५ वाजता घसरले तर आगाऊ भाडे भरण्यापूर्वी जोडणी बदलावी. त्याच आठवड्यात एकदा परिसरातील वीज जाईल. तेव्हा इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवून, घड्याळ लावून पाहावे.